दुधाचे दात आणि सहाव्या वर्षाची दाढ

कोलकात्याचे डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय हे देशातील पहिले दंत महाविद्यालय होय. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी अमेरिकेत दंतवैद्यकाची पदवी संपादन केली, बोस्टन येथील फोरसाइथ या बालकांच्या दंतरुग्णालयात काम केले आणि मायदेशी परतून १९२० मध्ये ही संस्था स्थापन केली. तिचा आरंभीचा खर्च भागला तो त्यांच्या सोडा फाउंटनच्या मिळकतीतून! गोड पेयांच्या गल्ल्यावर दातांची पाठशाळा चालावी, हा योगायोग मौजेचाच. १९४९ मध्ये त्यांनी ती पश्चिम बंगाल शासनाच्या स्वाधीन केली.

बदलीनिमित्त या शहरात आलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना रसगुल्ला आणि मिष्टी दोई यांची गोडी लवकरच लागते. ती तोडण्याचे कारण नाही. गोड जेवणासोबत खाल्लेले बरे. दिवसभर थोडेथोडे चघळल्यास तोंडातील आम्ल निवळण्यास लाळेला उसंतच मिळत नाही.

‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ ही समजूत मात्र महागात पडते. हे वीस दात कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नसल्याने पालक तिलाही दुधाची समजतात आणि ती किडेपर्यंत दुर्लक्षित राहते. म्हणून सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचे दात पालकांनी स्वतः घासून द्यावेत. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पुरे.