उच्च रक्तदाब आणि डावी जवनिका

फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त महारोहिणीवाटे सर्व शरीरास पोहोचविण्याचे दायित्व हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याकडे, म्हणजेच डाव्या जवनिकेकडे, असून ते तिला दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा बजावावे लागते. रक्तदाब १४०/९० च्या वर कायम राहू लागला, की त्या वाढीव दाबाविरुद्ध रक्त लोटण्यासाठी तिला प्रत्येक ठोक्यास अधिक जोर लावावा लागतो, आणि तालमीत मेहनत करणाऱ्या मल्लाच्या दंडाप्रमाणे तिची एरव्ही सुमारे १ सेंटिमीटरपर्यंत जाड असणारी भिंत हळूहळू अधिक जाड होत जाते. परंतु या वाढीने बळ येत नाही. स्नायूस रक्तपुरवठा अपुरा पडतो, भिंत ताठर बनून दोन ठोक्यांमध्ये पुरती सैल होत नाही, आणि आत शिरू न शकलेल्या रक्ताचा भार मागे डाव्या कर्णिकेवर (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यावर) व फुप्फुसांवर पडून चालताना किंवा उताणे निजल्यावर धाप लागते. अखेरीस जवनिका पसरून तिची शक्ती क्षीण होऊ शकते.

ही हानी वर्षानुवर्षे लक्षणांवाचून चालते. मात्र रक्तदाब वेळीच काबूत आणल्यास भिंतीची जाडी पुष्कळदा कमीही होते. म्हणून प्रकृती ठणठणीत वाटत असली तरी प्रत्येक प्रौढाने रक्तदाब नियमित मोजून घ्यावा, मीठ बेताने खावे आणि वैद्यकीय सल्ल्यावाचून औषध बंद करू नये.