झेमाच्या दहा खुणा

एखादी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, दाखल झाली की ‘लिपी वाचली’ असे मथळे झळकतात. हा उत्साह जरा आवरायला हवा. इथिओपियाच्या गीझ लिपीचेच पाहा. तिची मूळ अक्षरे १९९९मध्ये युनिकोडच्या ३.० आवृत्तीत आली. २००५च्या ४.१ आवृत्तीत यिझेत, देरेत, रिक्रिक, दिफात, कुर्त अशा धर्मगायनाच्या दहा स्वरखुणांनाही क्रमांक मिळाले. तरीही जुन्या पोथीतली एक ओळ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जशीच्या तशी उतरत नाही.

या गायनाला झेमा म्हणतात. परंपरा त्याचे श्रेय इथिओपियातल्या प्राचीन अक्सुम राज्यात सहाव्या शतकात होऊन गेलेल्या संत यारेदला देते. त्याची एक कथा इथिओपियात घरोघरी ठाऊक आहे. राजा गेब्रे मेस्केलपुढे यारेद गात होता. ऐकता ऐकता राजाच्या हातातला भाला यारेदच्या पायात रुतला, रक्त वाहू लागले, पण गाणे संपेपर्यंत दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही!

लेखी खुणा मात्र बऱ्याच नंतरच्या. सोळाव्या शतकात, राजा गेलावदेवोसच्या काळात, गेरा आणि रागुएल या दोन विद्वानांनी त्या बसवल्या असे परंपरा सांगते. पोथीत गीझ भाषेतली ओळ ठसठशीत अक्षरांत असते आणि तिच्या डोक्यावर बारीक अक्षरांची दाटी. ही बारीक अक्षरे म्हणजे मेलेकेत. पाठ असलेल्या दुसऱ्या एखाद्या स्तोत्रातल्या शब्दांचे ते एक-दोन अक्षरी संक्षेप असतात. ते दिसले की देब्तेरा, म्हणजे चर्चचा गायक, त्या शब्दांची सुरावट इथे लावतो. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचे पहिले शब्द छापलेले असत. जाणत्या नटाला तेवढे पुरे. इथे ती सूचना पदागणिक एकदा न येता ओळीत पावलोपावली येते. अशा मेलेकेत शेकड्यांनी आहेत. त्यांच्या जोडीला, आवाज कुठे कसा वळवायचा, कुठे तोडायचा हे सांगणाऱ्या मोजक्या खुणा. युनिकोडमधल्या दहा खुणा या दुसऱ्या प्रकारातल्या.

आता खरी मेख. युनिकोडने त्यांना ‘जोडचिन्ह’ न मानता स्वतंत्र चिन्हे मानले. त्यामुळे अक्षरामागून कुर्त टंकित केली, की ती अक्षरावर चढत नाही, शेजारी जाऊन बसते. ही नजरचूक नव्हे. ही गायनलिपी अनेक ओळींच्या मांडणीची आहे, तेव्हा खुणा वर नेऊन बसवण्याचे काम मांडणीच्या सॉफ्टवेअरने करावे, अशी युनिकोडची स्पष्ट भूमिका आहे. तिच्यात तथ्य आहे: एका अक्षराच्या माथ्यावर दोन अक्षरी मेलेकेत आणि तिच्याशेजारी आणखी एक खूण आली, तर खालच्या अक्षरांनाही सरकून जागा द्यावी लागते.

सामवेदाच्या बाबतीत २००९मध्ये निर्णय उलटा झाला. देवनागरीत सामगानासाठी अक्षरांवर लिहिले जाणारे आकडे आणि ‘क’, ‘र’, ‘वि’ यांसारखी चिमुकली अक्षरे युनिकोड ५.२मध्ये थेट जोडचिन्हे म्हणून आली. योग्य फॉन्ट असला की आकडा आपोआप अक्षराच्या डोक्यावर बसतो, आणि मजकूर दुसरीकडे चिकटवला तरी त्याचे अक्षराशी असलेले नाते टिकते.

झेमाला ही सोय नाही. जपानी कांजीवर बारीक उच्चार छापण्यासाठी वेबपानांत ‘रुबी’ नावाची रचना असते, ती इथे उसनी घेता येते. पण मजकूर साध्या फाइलमध्ये नेला, की कोणती खूण कोणत्या अक्षरावर होती हे हरवते. म्हणजे जपायचे तेच निसटते. गीझ लिपी संगणकावर आणण्यासाठी डॅनियल याकोब यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून काम केले आहे. उरलेले काम फॉन्ट आणि मांडणीचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे आहे, आणि त्याची बातमी सहसा होत नाही.

युनिकोडचे तक्ते संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. ‘इथिओपिक सप्लिमेंट’ या तक्त्यात १३९० ते १३९९ या घरांत या दहा खुणा आहेत; सामगानाची चिन्हे ‘देवनागरी एक्स्टेंडेड’मध्ये मिळतील. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून जरूर पाहा.