सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था
धार्मिक वा धर्मादाय हेतूने जनतेच्या अथवा तिच्यातील एखाद्या वर्गाच्या हितासाठी मालमत्ता धारण करणारी व्यवस्था. खाजगी मालमत्तेवर मालकाची नजर असते; येथे लाभधारक अनिश्चित असल्याने राज्याची देखरेख आवश्यक ठरते. महाराष्ट्रात ती १९५० च्या अधिनियमान्वये धर्मादाय आयुक्तांकडे आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील धर्मादाय संस्थाही येथे विश्वस्तव्यवस्थाच मानली जाते. त्यामुळे तिला दुहेरी नोंदणी करावी लागते.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तिच्या पाच कॅम्पांपैकी कॅम्प ४ हा एक. अशा वसाहतीत दरबार, शाळा वा दवाखाना चालविणाऱ्या संस्थेची कसोटी संस्थापकांची पिढी सरल्यावर लागते. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. तो राहून गेल्यास नोंदवहीत दिवंगतांचीच नावे राहतात आणि जागेचा व्यवहार निघताच अधिकृत विश्वस्त कोण, हाच वाद उभा राहतो. स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा देणगी, तसेच इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून वैध होत नाही.

प्राप्तिकरातील सूट या नोंदणीने आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी प्राप्तिकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. २०२१ पासून ती मुदतीची असून तिचे नूतनीकरण करावे लागते. सामान्यतः उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्ची पडावा लागतो. अधिक शिल्लक ठेवावयाची झाल्यास तिचे प्रयोजन विहित मुदतीत कळवावे लागते.