राजांगणातील चवथ

पणजीच्या मळा-फोंताईन्हास भागांतील जुन्या घरांवरून जाणाऱ्यास पोर्तुगीज वळणाचे सज्जे तेवढे दिसतात. हिंदू घराचा उंबरठा ओलांडावा, तेव्हा राजांगण आणि तुळशीवृंदावन दृष्टीस पडते. ख्रिस्ती घराचे तोंड रस्त्याकडे, हिंदू घराचे आपल्या अंगणाकडे.

१७३६ साली इन्क्विझिशनने तुळस उपटून टाकण्याची आज्ञा काढली होती. १८१२ साली तो धाक संपला, १८४३ साली पणजी राजधानी झाली. काही घराण्यांत मात्र कागदावर रेखलेला गणपतीच अद्याप पुजतात. आमच्या मते मृण्मय मूर्तीहून त्याचे तेज उणे नाही.

चवथीस विखुरलेले सारे कुटुंब मूळ घरी जमते. लाकडी तुळयांना माटोळी बांधतात: नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगे, कांगलां, आंब्याचे टाळे. एरवी या घरांना कुलूप! पोर्तुगीज नागरी कायद्यापासून लेकींसह सर्व अपत्यांना समान वाटा, न्याय्यच तो. पण वाटेकरी वाढले की घर विकणे अवघड आणि शाकारणे त्याहूनही. तुळई कुजते, कौल सरकते. यंदा माटोळी बांधण्यापूर्वी वाटेकऱ्यांनी त्या तुळईकडे एकदा वर पाहावे, एवढीच आमची विनंती.