मेन्यूकार्डात न मावणारं शहर

बाहेरगावचे मित्र आले की आपला प्लॅन ठरलेला. सकाळी वेरूळ, दुपारी देवगिरी किल्ला, संध्याकाळी बीबी का मकबरा. आणि रात्री? कॅनॉटला जाऊन पिझ्झा! दिवसभर इतिहास बघायचा आणि नेमकं जेवणाच्या वेळी त्याला टाटा करायचा, असं कसं चालेल? छत्रपती संभाजीनगरचा इतिहास बुढीलेन ते गुलमंडी गरमागरम मिळतो की!

तुघलक गेला, नान राहिला

१३२७ मध्ये मोहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं, हे शाळेत घोकलंय. तो बेत फसला, राजधानी परत गेली. पण फौजेबरोबर आलेलं जेवण इथेच मुक्कामाला राहिलं, असं जुन्या शहरात सांगतात. ते म्हणजे नान-खलिया. हजारो सैनिकांचं पोट भरायचं तर भट्टीत मोठाले नान भाजायचे आणि एकाच देगेत मांसाचा रस्सा शिजवायचा. नान टिकतो, हातात धरून खाता येतो, भांडी कमी लागतात. छावणीला अजून काय हवं?

आता यातली खरी गंमत. आज खलिया म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लाल तर्री. पण मिरची मूळची अमेरिकेची. ती भारतात आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १४९८ नंतर. त्यामुळे तुघलकाच्या सैनिकांनी खलिया खाल्ला असेल, तरी तो मिरचीने लाल झालेला नक्कीच नव्हता! दौलताबादच्या रस्त्यावर आपण गाडी थांबवून घेतो त्या सीताफळांचंही तेच. तीही अमेरिकेतून आलेली. चौदाव्या शतकात इथे आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षं-डाळिंबांबद्दल लिहून ठेवलंय. सीताफळ त्याच्या नशिबात नव्हतं.

थोडक्यात काय, 'परंपरा' म्हणून आपण जे खातो, तेही बदलत बदलतच आपल्या ताटात आलंय. अगदी अलीकडचा बदल तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. पूर्वी अनेक ठिकाणी खलिया मोठ्याच्या मांसाचा असायचा. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि जुन्या देगेला नवा मार्ग शोधावा लागला. आता कुठे म्हशीच्या मांसाचा, तर कुठे मटणाचा खलिया मिळतो.

खरी चव पंगतीत

नान-खलिया हॉटेलात मिळतो, पण त्याचं खरं घर म्हणजे लग्नाचा मांडव. मोठी देग, लाकडाची धग आणि हाताच्या अंदाजाने मसाला टाकणारे बावर्ची. आपल्या मराठवाड्याच्या येसर आमटीचंही असंच आहे. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं येसर गावाकडच्या लग्नात उकळत्या पाण्यात पडतं आणि सगळी पंगत भुरके मारते. एक पदार्थ छावणीचा, दुसरा शेतकऱ्याच्या घरचा. पण दोन्ही शंभर माणसांना एकदम जेवू घालण्यासाठी जन्मलेले. एका प्लेटच्या ऑर्डरमध्ये ते बसत नाहीत, म्हणून मेन्यूकार्डावर क्वचितच दिसतात.

अडचण इथेच आहे. लग्नात आता चायनीज आणि पास्त्याचे काउंटर लागतात. पंगतीतून जे जाईल, ते हॉटेलात सापडेलच असं नाही. किल्ला ढासळला तर बातमी होते. चव गेली तर कोणाला पत्ताही लागत नाही.

गोड शेवट, मग पान

शाकाहारी मंडळींनी नाराज व्हायचं कारण नाही. गुलमंडी परिसरात उत्तम मिठाईची इमरती खा. तिला जिलबी म्हणाल तर अपमान होईल! जिलबी मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची. मग उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरला चक्कर मारा. तिथल्या 'कोहिनूर' पानाची किंमत हजारांत आहे, पण साधं पान आपल्या पॉकेटमनीत बसतं. डोन्ट वरी!

वाटेत पाणचक्कीलाही थांबा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून इथे धान्य दळलं जायचं आणि त्या पिठातून दर्ग्यातल्या फकिरांचं, विद्यार्थ्यांचं पोट भरायचं. म्हणजे विद्यार्थ्यांची मेस या शहराला नवीन नाही!

निघण्याआधी हे वाचा

• जुन्या शहरात पार्किंग म्हणजे डोक्याला ताप. गाडी लांब लावा, पायी फिरा.

• खलिया कशाचा आहे, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. त्यात संकोच नको.

• ग्रुपने जा आणि शेअर करा. एकट्याने सगळं संपवणं अशक्य.

• फोटो एकच काढा. नान गार झाला की मजा जाते.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं: घरातल्या किंवा शेजारच्या एका जुन्या सुगरणीला एक रेसिपी विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. 'अंदाजाने घालते' म्हणाल्या, तर तो अंदाज म्हणजे किती चमचे, हेही विचारा!