संशोधनाचा प्रश्न कुठे सापडतो? शंकरराव खरातांचं उदाहरण

‘विषय ठरलाय, पण प्रश्न सुचत नाही’ ही पीएच.डी.च्या तयारीतली नेहमीची अडचण. मी विज्ञानाचा विद्यार्थी असलो तरी आज उदाहरण घेतोय एका कादंबरीकार-पत्रकाराचं. आमच्या जतसारख्याच दुष्काळी आटपाडीचे शंकरराव खरात (१९२१–२००१).

आधी थोडक्यात माहिती. खरातांचे वडील गावचे तराळ. म्हणजे सांगावे पोचवायचे, चावडीवर हजर राहायचं, सरकारी माणूस सांगेल ते करायचं. मुलगा शिकून वकील झाला. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये ‘जनता’ पत्राचं नाव ‘प्रबुद्ध भारत’ केलं. पुढे त्याचं संपादन खरातांनी केलं. ‘बारा बलुतेदार’ हा कथासंग्रह, ‘हातभट्टी’, ‘झोपडपट्टी’ या कादंबऱ्या, १९८१ मध्ये ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र. मराठवाडा विद्यापीठाचे ते कुलगुरू होते आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षही.

आता मुद्दा. आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. विहिरीतलं प्रेत काढायला पोलीस वडिलांना खाली उतरवतात आणि लहान मुलगा ते बघत असतो. दुसरीकडे, कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. या दोन गोष्टी शेजारी ठेवा. प्रश्न आपोआप उभा राहतो : कायद्याने वतन गेलं, पण राबवून घेणं कधी थांबलं?

उत्तर शोधताना मात्र जपून. पर्जन्यमापक पाऊस किती पडला ते सांगतो, विहिरीला पाणी किती आलं ते नाही. साधनांचंही तसंच. कायद्यातून हक्काची तारीख कळते. साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत त्या-त्या आठवड्याची तक्रार आणि मागणी सापडते. आत्मचरित्रातून अपमान कसा सोसला ते कळतं, पण ते अनेक वर्षांनी आठवून लिहिलेलं असतं. कादंबरीतलं पात्र काय बोलतं, ते लेखकाचं चरित्र म्हणून उद्धृत करायचं नाही. ही चूक प्रबंधांत सहज होते.

उलटी चूकही तितकीच वाईट. ‘हा तर वैयक्तिक अनुभव’ म्हणून आत्मचरित्र बाजूला सारलं, तर हाती फक्त कायदा उरतो, आणि विहिरीत उतरलेला माणूस नोंदीतून गायब होतो. सरकारी दप्तर बहुतेक वेळा हुकूम देणाऱ्याचं असतं, हे विसरू नका.

म्हणून आजचा गृहपाठ : तुमच्या विषयातली दोन साधनं घ्या, एकमेकांशी न जुळणारी. ती का जुळत नाहीत, हे एका वाक्यात लिहा. बहुतेक वेळा तेच वाक्य तुमचा संशोधन-प्रश्न असतं.