बरणीवरचं नाव, काचेतलं

स्टीलच्या डब्यावर नाव घालून घेणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे, की भांड्यांचा दुकानदार पैसे घेतानाच विचारतो, ‘नाव काय घालू?’ काचेच्या बरणीच्या वाट्याला मात्र कागदाची चिठ्ठी येते. ती दोनदा धुतली की शाई पसरते, कडा सुटतात. त्याच काचेवर कायमचं नाव किंवा वेलबुट्टी घरच्या घरी उमटवता येते. साहित्य थोडंच लागतं, काळजी मात्र पुरेपूर घ्यावी लागते.

बहुतेक आम्लं काचेला काही करू शकत नाहीत. ठळक अपवाद हायड्रोफ्लोरिक आम्लाचा. काचेतली सिलिका या आम्लात विरघळते. न्यूरेंबर्गच्या हाइन्रिख श्वानहार्ट यांनी १६७० च्या सुमारास आम्लाने काचेवर नक्षी उठवली, असं सांगतात. पुढे १७७१ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले यांनी फ्लोरस्पार हे खनिज गंधकाम्लाबरोबर तापवलं, तेव्हा त्यांचं काचेचं पात्रच झिजत गेलं.

घरगुती कामासाठी मिळणाऱ्या एचिंग क्रीममध्ये अमोनियम बायफ्लोराइडसारखे क्षार असतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. नुसतं आम्ल काचेला सगळीकडे सारखंच खातं, त्यामुळे खोदलेला भाग पुन्हा पारदर्शकच राहतो. क्षार असले की काच विरघळत असतानाच तिच्यावर सूक्ष्म स्फटिक धरतात. त्यांच्याखालची काच वाचते, भोवतालची झिजते. धुतल्यावर स्फटिक निघून जातात आणि मागे असंख्य बारीक उंचवटे उरतात. त्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून तो भाग दुधी दिसतो. वरून रंग चढवलेला नसतोच, त्यामुळे कितीही घासलं तरी नाव जात नाही.

क्रीम सगळ्यांना सारखंच मिळतं. काम उठून दिसतं ते स्टेन्सिलमुळे. रांगोळीचे छापे इथे उपयोगाचे नाहीत, कारण ते काचेला चिकटत नाहीत आणि क्रीम कडेखाली शिरतं. मागून गोंद असलेला विनाइलचा कागद हवा. गाड्यांवर नावं लावून देणारा रेडियमवाला तो मशीनवर कापून देतो. त्याला एवढंच स्पष्ट सांगायचं, की अक्षरं नकोत, अक्षरांभोवतीचा कागद हवा. ‘वेलची’ लिहायची असेल तर व आणि च यांच्या पोटातले तुकडे सुटे पडतात. ते जागच्या जागी बसावेत म्हणून वरून ट्रान्सफर टेप लावून मागायची. शिरोरेषा ही आपल्या लिपीची शोभा, पण गोल बरणीवर ती जराशी तिरकी गेली तरी डोळ्यांत भरते. बरणीभोवती कागदाची सरळ पट्टी गुंडाळून तिची टोकं जुळवा आणि तिच्या काठाने पेनची खूण करा, म्हणजे रेघ चुकणार नाही.

बरणी साबणाने धुऊन कोरडी करा, स्पिरिटने पुसा, स्टेन्सिल चिकटवून सगळ्या कडा नखाने दाबा. क्रीमचा जाड थर द्या. वेळ डबीवर छापलेली असेल तीच पाळा. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने क्रीम काढा, भरपूर पाण्याने धुवा आणि त्यानंतरच कागद सोलून काढा. ओल्या काचेवर नक्षी जवळजवळ दिसत नाही. वाळली की उमटते. नक्षी फक्त बाहेरच्या बाजूला काढायची, खाण्यापिण्याचे पदार्थ लागतात तिथे नाही.

आता काळजीचं. फ्लोराइड त्वचेतून आत जातं आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. लागल्याबरोबर आग होईलच असं नाही. वेदना काही तासांनीही सुरू होऊ शकते, तोवर इजा झालेली असते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, उघडी खिडकी, आणि स्वयंपाकघर सोडून दुसरी जागा. अंगाला लागलं तर ताबडतोब वाहत्या पाण्याने भरपूर धुवा आणि डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल वापरतात. या क्रीमशी बाथरूम धुण्याच्या अ‍ॅसिडची गाठ कधीही पडू देऊ नका, कारण त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्लच तयार होतं. ते आम्ल स्वतः विकत आणून घरी नक्षी करण्याचा विचारही नको, मग कुणी कितीही स्वस्त देवो.

खिडकीचं तावदान किंवा दाराची मोठी काच क्रीमने डागाळलेली दिसते. तिथे सँडब्लास्टिंगच बरं. दाबाने वाळू मारून काच खरवडण्याच्या या पद्धतीचं पेटंट अमेरिकेच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये घेतलं. ते घरात करायचं काम नाही. सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. काचेच्या कारखान्यातून करून घ्यावं.

घरात लहान मूल असेल तर हे क्रीम आणूच नका; दुधी फिल्मची अक्षरं कापून चिकटवा. मूल नसेल आणि करून पाहावंसं वाटत असेल, तर पहिलं नाव जॅमच्या रिकाम्या बरणीवर घाला, आजीच्या लोणच्याच्या बरणीला नंतर हात लावा.